ओपन सोर्सला पहिला पॅच पाठवायचाय? आधी हे वाचा

सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझ्या मामाचा टॉवेल-चादरींचा छोटा कारखाना आहे. त्याच्या मालाची यादी मी एका ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता-बदलता येतो अशा, प्रोग्रॅममध्ये ठेवायला लागलो. टर्मिनलवर (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) चालणारा, हलका, जुन्या कॉम्प्युटरवरही पळणारा प्रोग्रॅम. मालाची नावं इंग्रजीत होती तोवर तक्ता सरळ दिसायचा. नावं मराठीत भरली आणि रकाने वाकडेतिकडे झाले. 'टॉवेल'समोरचा आकडा एकीकडे, 'जकार्ड चादर'समोरचा भलतीकडे. मामाने यादी बघितली आणि विचारलं, "ह्यातला नग कुठला नि दर कुठला?"

कारण शोधायला दोन संध्याकाळी गेल्या. प्रोग्रॅम रकान्याची रुंदी बाइटमध्ये मोजत होता. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'सोलापूर' हा शब्द म्हणजे स, ओकार, ल, काना, प, ऊकार, र अशी ७ चिन्हं, म्हणजे २१ बाइट. पडद्यावर तो शब्द २१ घरं (एक घर म्हणजे एका इंग्रजी अक्षराएवढी जागा) व्यापत नाही, पण प्रोग्रॅम तसंच धरून चालला होता.

दुरुस्ती झाली ९ ओळींची. त्या ९ ओळी मूळ प्रकल्पात जायला मात्र ५ आठवडे लागले आणि पॅच (म्हणजे केलेल्या बदलांचा संच) तीनदा परत आला. त्यातला एकदाच कोडमुळे. बाकी दोनदा मला पद्धत माहीत नव्हती म्हणून. त्यानंतर मी बरेच पॅच पाठवले, कॉलेजातल्या धाकट्या मुलामुलींना बसवून पाठवायला लावले, आणि प्रत्येक जण त्याच त्या जागी अडखळतो हे बघितलं. म्हणून हे सगळं एकदा लिहून ठेवतोय.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावरच उभी आहे. तुमचा पॅच वाचणारा मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा माणूस, तुम्हाला ओळखत नाही. बहुतेकदा तो नोकरी सांभाळून, घरचं आवरून हे काम करतो. पॅच पाठवून तुम्ही मोकळे होता. घेतल्यावर मात्र त्या ओळींची जबाबदारी कित्येक वर्षं त्याच्याकडे राहते. उद्या त्यातून काही बिघडलं तर लोक त्याला विचारणार. त्यामुळे दहा मिनिटांत वाचून होईल आणि मनात शंका राहणार नाही असा पॅच त्याच्या हातात देणं, एवढंच आपलं काम.

'पॅच' हा शब्द कुठून आला तेही सांगतो, कारण सोलापूरकराला तो पटकन कळतो. जकार्डच्या मागावर छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवरून नक्षी उतरते. एक छिद्र चुकीचं पडलं की प्रत्येक चादरीत, नेमक्या त्याच जागी, तोच दोष येतो. पत्त्यांची सगळी माळ फेकून देत नाहीत; चुकलेलं छिद्र बुजवून पुन्हा पाडतात. सुरुवातीच्या काळात कॉम्प्युटरचे प्रोग्रॅमही कागदी पट्ट्यांवर आणि पत्त्यांवर असायचे, आणि दुरुस्ती म्हणजे त्यावर खरोखरच ठिगळ लावायचं. नाव तिथून आलं.

(आज्ञा मी इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत द्यायच्या.)

आधी हाताशी काय हवं

- लिनक्स असलेला कॉम्प्युटर, किंवा विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल. लहान प्रकल्पांना ४ जीबी रॅम पुरते. ब्राउझर किंवा ऑफिससारख्या अवजड प्रकल्पांच्या नादी सुरुवातीलाच लागू नका.
- गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) आणि कंपाइलरची, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणारी, साधनं. उबुंटू या लिनक्सवर 'बिल्ड-इसेन्शियल' हे पॅकेज. पॅच ईमेलने पाठवायचा असेल तर 'गिट-ईमेल' हे पॅकेज वेगळं टाकावं लागतं.
- स्वतःच्या नावाचा, दहा वर्षांनीही चालू राहील असा ईमेल. कॉलेजने दिलेला पत्ता नको. पास झाल्यावर तो बंद होतो आणि तुमच्या कामावर मात्र तोच छापलेला राहतो.
- गिटहब किंवा गिटलॅब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर खातं. गिटहबने २०२३ पासून कोड देणाऱ्यांना टू-फॅक्टर लॉगिन (पासवर्डसोबत आणखी एक पुरावा) टप्प्याटप्प्याने सक्तीचं केलं. तेव्हा मिळणारे रिकव्हरी कोड कागदावर लिहून कपाटात ठेवा. मोबाइल हरवला की त्याशिवाय दार उघडत नाही.
- नोकरी करत असाल तर नेमणूकपत्रातलं 'तुम्ही लिहिलेल्या कोडचे हक्क कंपनीचे' हे कलम वाचा आणि गरज असेल तर लेखी परवानगी घ्या.

आधार, पॅन, मार्कशीट, फी यातलं काहीही लागत नाही. 'ओपन सोर्समध्ये एन्ट्री मिळवून देतो' म्हणून कुणी पैसे मागत असेल तर सरळ निघून या.

१. वापरता तोच प्रकल्प निवडा

'नवशिक्यांसाठी सोपे बग' अशा याद्या शोधत बसण्यात महिना जातो. त्या याद्यांवर जगभरातली मुलं तुटून पडलेली असतात. त्यापेक्षा रोजच्या वापरातल्या प्रोग्रॅममध्ये तुम्हाला स्वतःला काय खुपतं ते बघा. जो दोष तुम्हाला रोज त्रास देतो तो तुम्ही नीट मांडू शकता, पुन्हा पुन्हा घडवून दाखवू शकता आणि दुरुस्त झाला की नाही हेही तुम्हालाच सगळ्यात आधी कळतं.

इथे सोलापूरचा माणूस खरोखर फायद्यात आहे. आपल्याकडे एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू चालतं. शहराच्या पूर्वभागातल्या एखाद्या कारखान्याची हजेरी काढा, चार लिप्यांतली नावं सापडतील. तेलुगू आणि कन्नडलाही प्रत्येक चिन्हामागे ३ बाइट लागतात, उर्दू उजवीकडून डावीकडे जाते. ही नावं कुठल्याही प्रोग्रॅममध्ये भरून बघा: याद्या लावा, शोधा, पीडीएफ काढा, फाइलला मराठी नाव द्या. काही ना काही तुटतंच. जर्मनीत किंवा अमेरिकेत बसलेल्या मेंटेनरला तो दोष कधी दिसलेलाच नसतो. तो दाखवणारं कुणीतरी त्यालाही हवंच असतं.

मात्र प्रोग्रॅममधल्या मराठी शब्दांचं भाषांतर सुधारायचं असेल तर पॅच करू नका. ते काम बहुतेक प्रकल्पांत वेबलेटसारख्या वेगळ्या साधनातून चालतं.

प्रकल्प जिवंत आहे का तेही बघा. शेवटचा बदल कधी झाला, बाहेरच्या माणसाचा पॅच गेल्या तीन-चार महिन्यांत घेतलाय का. नसेल तर तुमचाही पडून राहील.

२. नियम वाचा, सगळे

प्रकल्पात 'कॉन्ट्रिब्यूटिंग' नावाची फाइल असते. चहा घेऊन बसा आणि शेवटपर्यंत वाचा. पॅच कुठे पाठवायचा, कोडची मांडणी कशी, टॅब की स्पेस, कुठल्या तपासण्या चालवायच्या, सगळं तिथे असतं. प्रत्येक घरची रीत वेगळी. लिनक्स कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, पॅच ईमेलनेच जातो, लिब्रेऑफिसला गेरिट नावाच्या साधनातून, गिटहबवरच्या प्रकल्पांना पुल रिक्वेस्टने ('माझा बदल घ्या' अशी वेबसाइटवरून केलेली विनंती). लिनक्सच्या गिटहबवरच्या प्रतीला पुल रिक्वेस्ट पाठवणारे लोक आजही भेटतात. ती कुणी घेत नाही.

याच वेळी तीन गोष्टी तपासा.

लायसन्स कुठलं आहे. तुमचा कोड त्याच अटींवर जाणार.

करार लागतो का. काही प्रकल्प सीएलए नावाचा करार ऑनलाइन सही करून मागतात. काहींना फक्त डीसीओ पुरतं. डीसीओ म्हणजे 'हा कोड मी लिहिलाय किंवा तो देण्याचा मला हक्क आहे' असं जाहीर करणं. लिनक्समध्ये ही पद्धत २००४ साली आली. एससीओ कंपनीने आयबीएमवर केलेल्या दाव्यामुळे तेव्हा 'हा कोड आला कुठून' हा प्रश्न ऐरणीवर होता.

एआयबद्दल काय म्हटलंय. जेंटू आणि नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पांनी २०२४ मध्ये एआयने लिहिलेला कोड घेणार नाही असं ठरवलं. इतर कित्येक प्रकल्प वापरलं असेल तर स्पष्ट सांगा म्हणतात. माझं मत विचाराल तर समजून घ्यायला एआयची मदत जरूर घ्या, पण जी ओळ तुम्हाला स्वतःला समजावून सांगता येत नाही ती पाठवू नका. पुढे प्रश्न तुम्हालाच विचारले जाणार आहेत.

आणि सापडलेला दोष सुरक्षेचा असेल, म्हणजे त्यातून कुणाची माहिती किंवा मशीन धोक्यात येत असेल, तर तो उघड्यावर मांडायचा नाही. 'सिक्युरिटी' नावाच्या फाइलमध्ये खासगी कळवण्याचा पत्ता असतो, तिकडेच कळवा.

३. हात लावण्याआधी बिल्ड करा

गिट क्लोन करून कोड उतरवा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर सांभाळून. लिनक्स कर्नलचा पूर्ण इतिहास एक जीबीपेक्षा जास्त आहे आणि मध्येच वीज गेली तर क्लोन पहिल्यापासून सुरू करावा लागतो. 'डेप्थ १' हा पर्याय दिला तर फक्त ताजी अवस्था उतरते, पण मग कुठली ओळ कुणी का लिहिली हे मागे जाऊन बघता येत नाही, आणि ते बघावं लागतंच. 'फिल्टर' पर्यायात 'ब्लॉब नन' दिलं तर इतिहासाची यादी येते आणि जुन्या फाइली लागतील तशा उतरतात. मी तेच वापरतो.

मग काहीही न बदलता बिल्ड करा, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करा, आणि प्रकल्पाच्या सगळ्या टेस्ट (कोड आपोआप तपासणारे छोटे प्रोग्रॅम) चालवा. ही पायरी लोक गाळतात. आधीपासूनच दोन टेस्ट पडत असतील आणि ते तुम्हाला माहीत नसेल, तर नंतर त्या आपल्यामुळे पडल्या समजून रात्र वाया जाते.

४. आधी दोष नोंदवा

तोच दोष आधी कुणी नोंदवलाय का ते शोधा. वेगवेगळे शब्द घालून शोधा. नसेल तर स्वतः नोंदवा: आवृत्ती कुठली, काय केलं, काय दिसायला हवं होतं, काय दिसलं. मी 'सोलापूर' आणि 'पुणे' अशा दोन ओळींचा तक्ता जसाच्या तसा चिकटवला होता. मेंटेनरला देवनागरी येत नव्हती, पण दोन उभ्या रेघा एका खाली एक नाहीत हे कुणालाही दिसतं.

बदल मोठा असेल तर कोड लिहिण्याआधी 'असं करायचा विचार आहे, चालेल का' एवढं विचारा. दोन आठवडे राबून केलेलं काम 'आम्हाला हे नकोच होतं' म्हणून परत येणं फार लागतं. दोन ओळींच्या दुरुस्तीला विचारत बसायची गरज नाही.

५. नाव-पत्ता तपासा, मग वेगळी शाखा काढा

माझा पॅच एकदा परत आला तो इथे. घरचा कॉम्प्युटर दुरुस्तीला होता म्हणून मी कॉलेजच्या लॅबमध्ये बसून काम केलं. त्या मशीनवर आधीच्या एका विद्यार्थ्याचं नाव गिटमध्ये भरलेलं होतं. माझी कमिट, म्हणजे गिटमध्ये केलेली बदलाची नोंद, त्याच्या नावाने गेली. मेंटेनरने विचारलं, "कमिट एकाच्या नावाने, सही दुसऱ्याची, हे कोण?" त्याचा प्रश्न रास्त होता, असा कोड त्याला घेताच येत नाही.

गिट कॉन्फिगमध्ये 'युजर नेम' आणि 'युजर ईमेल' बघा, प्रत्येक नव्या मशीनवर बघा. हे नाव कायमचं, सगळ्यांना दिसेल असं राहतं. नंतर खोडता येत नाही. ईमेल उघड करायचा नसेल तर गिटहब त्यासाठी पर्यायी पत्ता देतं.

मग मुख्य शाखेवर काम न करता नवी शाखा (कोडची वेगळी वाट) काढा, दोषाला शोभेल अशा नावाची. मुख्य शाखा स्वच्छ राहिली की मूळ प्रकल्पातले ताजे बदल तीवर सहज ओढता येतात.

६. बदल लहान ठेवा

एका पॅचमध्ये एकच दुरुस्ती. जाता जाता दिसलेली स्पेलिंगची चूक, न आवडलेलं नाव, वाकडी मांडणी, ह्यातल्या कशालाही त्याच पॅचमध्ये हात लावू नका. हवं तर त्याचा वेगळा पॅच करा.

सगळ्यात पहिल्यांदा माझा पॅच परत आला तो ह्याच कारणाने, तेही माझ्या नकळत. मी बदलल्या ९ ओळी, आणि पॅचमध्ये दिसत होतं की फाइलमधल्या सगळ्याच ओळी बदलल्या. विंडोजवरच्या एडिटरने प्रत्येक ओळीच्या शेवटी आपलं चिन्ह घातलं होतं आणि वर 'सेव्ह करताना मांडणी सुधारा' हे चालू होतं. त्या ढिगाऱ्यात खऱ्या ९ ओळी शोधणार कोण? एडिटरमधली आपोआप मांडणी त्या प्रकल्पापुरती बंद करा. ओळीचा शेवट 'एलएफ' (लिनक्समधलं ओळ संपल्याचं चिन्ह) ठेवा.

पाठवण्याआधी दोन आज्ञा न चुकता: 'गिट डिफ' (जुन्या-नव्या कोडमधला फरक दाखवणारी आज्ञा) ला 'स्टॅट' जोडून किती ओळी बदलल्या ते बघा, आणि 'चेक' जोडून ओळीच्या शेवटी राहिलेल्या रिकाम्या जागा पकडा. मग पूर्ण डिफ एकदा वरपासून खालपर्यंत वाचा, जणू दुसऱ्या कुणाचा आहे. तपासताना घातलेल्या प्रिंटच्या ओळी तिथे सापडतात.

जमेल तर टेस्टही लिहा. दुरुस्तीशिवाय पडणारी आणि दुरुस्तीनंतर पास होणारी टेस्ट जोडली की मेंटेनरचं अर्धं काम होतं. कर्नलसाठी 'चेकपॅच' नावाची स्क्रिप्ट आहे, ती मांडणीच्या चुका सांगते. इतर प्रकल्पांचं आपापलं काहीतरी असतं.

७. कमिटचा मजकूर

मला विचाराल तर सबंध कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच, कोडपेक्षाही. कोड 'काय केलं' हे सांगतो. 'का केलं' हे फक्त इथेच लिहिलेलं राहतं. पाच वर्षांनी कुणी ती ओळ बघून 'ही कशाला आहे?' म्हणेल तेव्हा तुम्ही तिथे नसाल, हा मजकूर असेल.

पहिली ओळ छोटी, साधारण ५० अक्षरांची, आज्ञार्थी. 'दुरुस्त केलं' असं नाही, 'दुरुस्त करा' असं. नंतर एक ओळ रिकामी. नंतर खुलासा, प्रत्येक ओळ ७२ अक्षरांच्या आसपास तोडलेली. माझा शेवटी स्वीकारलेला मजकूर इंग्रजीत होता. त्याचं मराठी असं होईल:

तक्ता: रकान्याची रुंदी बाइटऐवजी घरांत मोजा

रकान्याची रुंदी काढताना मजकुराचे बाइट मोजले जातात. देवनागरीत एका चिन्हाला तीन बाइट लागतात, त्यामुळे मजकूर आहे त्याहून रुंद धरला जातो, पुढे भरायच्या रिकाम्या जागा कमी पडतात आणि पुढचा रकाना डावीकडे सरकतो.

पडद्यावरची रुंदी देणारं फंक्शन प्रकल्पात आधीच आहे, ते इथे वापरा. मराठी, तेलुगू, इंग्रजी आणि मिश्र नावांची टेस्ट जोडली आहे.

साइन्ड-ऑफ-बाय: तुमचं नाव, तुमचा ईमेल

शेवटची ओळ डीसीओची. कमिट करताना 'एस' पर्याय दिला की ती आपोआप येते. दोष कुठल्या जुन्या कमिटमुळे शिरला ते सापडलं असेल तर कर्नलमध्ये 'फिक्सेस' असं लिहून त्या कमिटच्या खुणेची पहिली १२ अक्षरं देतात. ती कमिट 'गिट ब्लेम'ने सापडते.

इंग्रजीची भीती वाटते असं मला प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी सांगतं. छोटी वाक्यं लिहा. जगातले कित्येक मेंटेनर स्वतःही इंग्रजी भाषा शाळेतच शिकलेले आहेत, घरी बोललेले नाहीत. त्यांना अलंकारिक भाषा नको, नेमकी हवी.

८. पाठवणं

वाट पुल रिक्वेस्टची असेल तर: प्रकल्प आपल्या खात्यात फोर्क करा (स्वतःची प्रत घ्या), शाखा तिथे पुश करा (चढवा), पुल रिक्वेस्ट उघडा. दोषाचा क्रमांक खुलाशात लिहा. नमुन्याचे रकाने दिले असतील तर ते पुसून टाकू नका, भरा. पहिल्यांदाच पाठवत असाल तर गिटहबवरच्या आपोआप तपासण्या 'मंजुरीची वाट बघत आहे' म्हणून थांबतात. ती चूक नव्हे. नव्या माणसाच्या कोडला मेंटेनरने आधी हिरवा कंदील द्यायचा असतो. तपासणी लाल झाली तर मात्र विचारायची वाट न बघता तिचा लॉग उघडा आणि कारण शोधा.

वाट ईमेलची असेल तर थोडी मेहनत आहे. 'गिट फॉरमॅट-पॅच'ने पॅचची फाइल बनवायची, 'गिट सेंड-ईमेल'ने पाठवायची. जीमेलच्या खिडकीत पॅच चिकटवू नका; ती टॅबचे स्पेस करते, ओळी तोडते आणि पॅच लागत नाही. जोडपत्र म्हणूनही नको, कारण वाचणाऱ्याला ओळीखाली उत्तर लिहायचं असतं. जीमेलमधून सेंड-ईमेल चालवायला नेहमीचा पासवर्ड चालत नाही. खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावून १६ अक्षरांचा 'अ‍ॅप पासवर्ड' काढावा लागतो. कुणाला पाठवायचा हे कर्नलमध्ये 'गेट मेंटेनर' नावाची स्क्रिप्ट सांगते.

सगळ्यात आधी तो मेल स्वतःलाच पाठवा. आलेला मेल फाइल म्हणून उतरवा आणि 'गिट एएम'ने स्वच्छ शाखेवर लावून बघा. लागला तरच पुढे पाठवा.

अभिवादनाबद्दल एक सांगायलाच हवं. आपल्याकडे 'रिस्पेक्टेड सर'ने सुरुवात आणि 'काइंडली डू द नीडफुल'ने शेवट करायची सवय लावलेली असते. त्यामागचा आदर खरा असतो, पण तिथली रीत पहिल्या नावाने हाक मारायची आहे, आणि समोरची व्यक्ती 'सर' असेलच असंही नाही. नाव आणि मुद्दा, पुरे. वैयक्तिक मेल किंवा लिंक्डइनवर 'माझा पॅच घ्या ना' असं लिहू नका. चर्चा उघड्यावर, जिथे पॅच आहे तिथेच.

९. परत आला की काम खरं सुरू होतं

पहिल्या खेपेत जसाच्या तसा पॅच घेतला जाणं दुर्मीळ. सूचना आल्या म्हणजे कुणीतरी वेळ काढून वाचलं.

माझ्या तिसऱ्या खेपेला ओळी नेमक्या होत्या, नाव बरोबर होतं. बाइटऐवजी मी चिन्हं मोजली होती आणि 'सोलापूर' ७ घरांचा धरला होता. उत्तर आलं एका ओळीचं: "वर-खाली लागणाऱ्या चिन्हांचं काय?" मी पडद्यावर तो शब्द मोठा करून बघत बसलो. ऊकार 'प'च्या खाली बसतो, त्याला स्वतःचं घर नाहीच. ज्या माणसाला देवनागरीतलं एक अक्षर वाचता येत नव्हतं त्याने माझ्याच गावाच्या नावातला ऊकार मला दाखवला. रुंदी मोजणारं फंक्शन प्रकल्पात आधीच होतं, हेही त्यानेच सांगितलं. असं शिक्षण मला कुठल्या वर्गात मिळालं नव्हतं.

उत्तर देताना प्रत्येक सूचनेखाली लिहा. पटलं तर 'बदललं', पटलं नाही तर का ते शांतपणे. गप्प राहून सूचना गाळू नका. ईमेलमध्ये उत्तर सगळ्यांना जाईल असं द्या, आणि मजकुराच्या वर नाही, ज्या ओळीबद्दल आहे तिच्या खाली.

सुधारलेला पॅच 'व्ही २' म्हणून जातो. मागच्या खेपेपासून काय बदललं ते ईमेलच्या पॅचमध्ये तीन आडव्या रेघांच्या खाली लिहायचं; तिथलं लिखाण इतिहासात शिरत नाही. पुल रिक्वेस्ट असेल तर नवी उघडू नका. त्याच शाखेवर सुधारणा करा आणि 'चूक दुरुस्त', 'पुन्हा दुरुस्त' अशा कमिटची रांग 'रिबेस'ने एकत्र करून 'फोर्स पुश' करा, म्हणजे शाखेची जुनी प्रत पुसून नवी चढवा. हा फोर्स पुश फक्त आपल्या शाखेवर. दिवसात चार-चार खेपाही पाठवू नका. सगळ्या सूचना येऊ द्या.

१०. काहीच उत्तर आलं नाही तर

थांबा. कर्नलचे नियमच सांगतात की आठवण द्यायच्या आधी किमान एक आठवडा जाऊ द्यावा. मी दोन आठवडे थांबतो आणि एक ओळ लिहितो. मध्य युरोपातला माणूस रात्री आठला कामाला बसतो तेव्हा आपल्याकडे ऋतूनुसार साडेअकरा किंवा साडेबारा झालेले असतात, त्यामुळे उत्तर सकाळीच सापडतं. कर्नलमध्ये नवी आवृत्ती आली की पहिले दोन आठवडे मेंटेनर आधी गोळा केलेले बदल पुढे देण्यात गुंतलेले असतात. तेव्हा नवा पॅच पाठवलात तर तो बाजूला राहतो.

केवळ संख्या वाढवण्यासाठी पॅच पाठवू नका, हे कळकळीने सांगतो. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये टी-शर्टसाठी रीडमी (प्रकल्पाची ओळख सांगणाऱ्या) फाइलमध्ये एखादा शब्द घुसडणाऱ्या पुल रिक्वेस्टचा एवढा पूर आला की, ठराविक पुल रिक्वेस्टवर तेव्हा टी-शर्ट देणाऱ्या हॅकटोबरफेस्ट या उपक्रमाला नियम बदलून, जे प्रकल्प स्वतः तयार आहेत तेवढेच घ्यावे लागले. त्या पुरात भारतातल्या खूप मुलांची नावं होती. त्यानंतर मनापासून काम करणाऱ्या आपल्याकडच्या मुलांकडेही काही ठिकाणी संशयाने बघितलं गेलं. तुमचा एक नीट केलेला पॅच ते पुसायला मदत करतो.

११. घेतला गेल्यावर

मर्ज झाला म्हणजे लगेच सगळ्यांच्या मशीनवर पोचला असं नाही. प्रकल्पाची पुढची आवृत्ती निघेल, मग डेबियन-उबुंटूवाले ती घेतील. उबुंटूची एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी) आवृत्ती दोन वर्षांतून एकदा, एप्रिलमध्ये येते, आणि तिच्यात मधल्या काळात सहसा फक्त दोष-दुरुस्त्या आणि सुरक्षेचे बदल जातात. तुमचा बदल कुठल्या आवृत्तीत गेला हे 'गिट टॅग'ला 'कन्टेन्स' जोडून कमिटची खूण दिली की कळतं. तोवर स्वतः बिल्ड केलेली प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये टाकून वापरा. पॅकेजमधून आलेल्या प्रतीवर चढवू नका, पुढच्या अपडेटला गोंधळ होतो.

कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर मी तशीच प्रत ठेवली आहे. नग, दर, शिल्लक, तिन्ही रकाने सरळ उभे आहेत. मामा आता त्यात कामगारांची नावं तेलुगूत भरायला लागलाय, आणि परवा त्याने यादी नावाच्या क्रमाने लावून मागितली. ती लावताना जोडाक्षरांचा क्रम चुकतोय असं दिसतंय. दोष नोंदवलाय, अजून कुणी घेतलेला नाही. पहिला पॅच शोधत असाल तर अशाच जागी बघा: एखाद्या यादीत 'क्षीरसागर' आणि 'ज्ञानेश्वर' भरा आणि क्रमवारी लावून बघा.